पाऊस मोजा, थेंब ओळखा, माती राखा



‘यंदा पाऊस कसा आहे?’ असे कोणी विचारले, तर आपल्या शिवारात ठरलेली उत्तरे ऐकू येतात. ‘बरा आहे.’ ‘नुसती भुरभुर.’ ‘मृग कोरडा गेला, पण आर्द्रेने सांभाळले.’ ही उत्तरे खोटी नाहीत. पण थोडा विचार करा. आपण दूध लिटरने मोजतो, भात क्विंटलने मोजतो, जमीन गुंठ्याने मोजतो आणि सोसायटीचे कर्ज रुपया-पैशाने मोजतो. ज्याच्यावर हे सगळे अवलंबून आहे, तो पाऊस मात्र आपण अंदाजाने सांगतो. या पाठात आपण तीन गोष्टी शिकणार आहोत. पाऊस मोजावा कसा, पावसाचा थेंब मातीवर काय परिणाम करतो, आणि तो परिणाम आपल्या अंगणात नकली पाऊस पाडून कसा तपासावा. शेवटी पावसाळ्यातील आरोग्यासंबंधी दोन शब्द सांगू.

१. मापनाची जुनी परंपरा

पाऊस मोजणे हे काही नव्या जमान्याचे खूळ नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो याची द्रोण या मापातील यादीही त्यात आहे. अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, अमाप. पेरणी कोठे कोणती करावी हे या यादीवरून ठरे. कोरिया देशात सेजोंग राजाच्या काळी, १४४१-४२ च्या सुमारास, एकाच मापाची पर्जन्यमापके करून ती गावोगाव पाठविण्यात आली.

युरोपात १६३९ साली बेनेदेत्तो कास्तेल्ली या बेनेडिक्टाईन संन्याशाने काचेच्या भांड्यात पाऊस धरला, त्याची उंची मोजली, आणि त्या पावसाने त्रासिमेनो सरोवराचे पाणी किती वाढावे याचा हिशेब आपले गुरू गॅलिलिओ यांना पत्राने कळविला. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून हौशी निरीक्षकांचे जाळे विणले. १९०० साली ते वारले तेव्हा तीन हजारांहून अधिक ठिकाणी रोजचा पाऊस लिहिला जात होता. त्या निरीक्षकांत शेतकरी होते, डॉक्टर होते, शाळामास्तर होते आणि खेड्यातील पाद्रीही पुष्कळ होते. आपल्या देशात १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले, आणि सायमन्स यांच्याच पद्धतीचे पर्जन्यमापक पुढे कित्येक दशके आपल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात उभे होते.

२. एक मिलिमीटर म्हणजे किती?

पाऊस मिलिमीटरने मोजतात, लिटरने नव्हे. असे का? समजा, पडलेले पाणी वाहिले नाही, मुरले नाही, आटले नाही, तर सपाट जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल, तेवढा पाऊस पडला असे म्हणावयाचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी.

आता एकराचा हिशेब करू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणून एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. एक इंच, म्हणजे सुमारे २५ मि.मी., पाऊस झाला तर एकरावर एक लाख लिटर पाणी पडते. त्याचे वजन शंभर टन! एवढे पाणी विहिरीतून उपसायचे तर पंप किती तास चालवावा लागेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. देवाने फुकट दिलेले हे शंभर टन पाणी आपल्या शेतात मुरते, की माती घेऊन ओढ्याला जाते, हा आजच्या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्याचेच पाहा. पश्चिमेला कणकुंबीकडे, जेथे मलप्रभा उगम पावते, तेथे पाऊस हजारो मिलिमीटरने पडतो. बेळगाव शहरात वर्षाला सुमारे १,३०० मि.मी. पडतो. पूर्वेला अथणीकडे जावे तर याच्या निम्म्यानेही होत नाही. जिल्हा एक, पण पाऊस तीन तऱ्हांचा. म्हणून वर्तमानपत्रात आलेला जिल्ह्याचा सरासरी आकडा आपल्या शेताला लावू नये. गावच्या एका टोकाला सर आली आणि दुसरे टोक कोरडे राहिले, हे आपण दर वळवाला पाहतोच.

३. घरचा पर्जन्यमापक

बाजारात प्लास्टिकचे पर्जन्यमापक मिळतात. पण घरच्या घरीही चालण्याजोगे साधन होते.

पहिला प्रकार: सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्या. त्यात साचलेल्या पाण्याची उंची शाळेच्या पट्टीने मोजली की तोच पाऊस. डब्याचे तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. मात्र पट्टीचे शून्य काठापासून सुरू होते की नाही ते पाहून घ्या.

दुसरा प्रकार अधिक अचूक आहे. १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे बाटलीवर घट्ट बसवा. या नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर होते. म्हणून बाटलीतील प्रत्येक २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने पाणी मोजा आणि २० ने भागा. उदाहरणार्थ, ५०० मिलिलिटर पाणी भरले तर पाऊस २५ मि.मी. झाला. नरसाळ्यामुळे पाणी आटत नाही आणि दहा-पंधरा मिलिलिटरसुद्धा नेमके मोजता येते. मुसळधारीच्या दिवसांत बाटली मोठी ठेवावी, नाही तर ती भरून वाहील आणि नोंद वाया जाईल.

साधन कोठे ठेवावे याला फार महत्त्व आहे. झाडाखाली, वळचणीला किंवा गच्चीच्या कठड्यालगत ठेवू नये. घर अथवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागी ठेवावे. भांड्याचा काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर वर व अगदी सपाट असावा. त्याहून खाली असेल तर जमिनीवरचे शिंतोडे आत उडतात, फार वर असेल तर वाऱ्याने थेंब बाहेर जातात. कोंबड्या, वासरे आणि मुले यांच्यापासून राखण्यासाठी भोवती काटक्यांचे कुंपण घालावे.

रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजावे, वहीत लिहावे आणि भांडे रिकामे करावे. हवामान खात्याची हीच वेळ आहे. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. पाऊस पडला नाही तरी ‘०’ लिहावे. रकाना कोरा सोडला, तर पाऊस पडला नाही की मोजायचे राहून गेले, हे पुढे कळत नाही.

४. नोंद वाचावी कशी?

हवामान खाते २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच ‘पावसाचा दिवस’ म्हणते. एका दिवसात ६४.५ मि.मी. पासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस समजतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. अथणीत दीड वर्षातही कदाचित एवढा पडणार नाही!

वहीचा पहिला उपयोग पेरणीला होतो. वळवाच्या एखाद्या सरीने जमीन वरून ओली दिसते, शेजाऱ्याने कुरी धरली म्हणून आपणही धरतो, पुढे दहा दिवस उघडीप पडते आणि बी जळते. दुबार पेरणीचा खर्च कोणत्या घरी सोसवतो? म्हणून कृषी खाते सांगते की सोयाबीन, भुईमूग यांसारखी खरिपाची पेरणी एकूण ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय करू नये. २५ मि.मी. पावसाने हलक्या, कोरड्या मातीत ओल वीतभराच्या आसपास जाते, भारी काळ्या मातीत त्याहूनही कमी. धूळवाफ भाताची गोष्ट निराळी, ती कोरड्यातच पेरतात. पण तेथेही पहिला पाऊस नुसता उगवणीपुरता झाला की पुरेसा झाला, हे वहीवरूनच कळेल.

दुसरा उपयोग खताला होतो. युरिया टाकल्यावर मोठी सर आली तर पैसा ओढ्याला जातो. तिसरा उपयोग म्हणजे दहा-वीस वर्षांची वही झाली की ती आपल्या मुलांसाठी ठेवाच आहे. आजोबा म्हणत की हस्ताचा पाऊस असा नव्हता. पण कसा होता, ते वहीच सांगेल.

हे आज अधिक निकडीचे झाले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डॉ. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या रोजच्या नोंदी तपासल्या व २००६ साली निष्कर्ष जाहीर केला. त्यात असे दिसले की मोसमाचा एकूण पाऊस फारसा बदलला नाही, पण अति जोरदार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. म्हणजे पिकाला हवी ती संथ झड घटते आहे आणि मातीला मारणारी सर वाढते आहे.

५. थेंबाचा मार

आपल्या घराच्या भिंतीचा खालचा भाग पाहा. पावसाळ्यानंतर गुडघाभर उंचीपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे उडालेले दिसतात. ज्या बाजूला गवत वाढले असेल, तेथे भिंत स्वच्छ असते. पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच पडला. मग हा फरक कशाने झाला? याचे उत्तर थेंबात आहे.

अमेरिकेत व्हर्मांट प्रांतात विल्सन बेंटले नावाचा एक शेतकरी होऊन गेला. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याने पावसाचे थेंबही मोजले. परातीत इंचभर पीठ पसरायचे, ती काही क्षण पावसात धरायची आणि लगेच झाकायची. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी बनते. गोळ्या वाळल्या की चाळून त्यांचा आकार मोजायचा. १९०४ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे शास्त्रज्ञांनीही हीच पिठाची रीत वापरली. आपल्या बहिणींनी स्वयंपाकघरात बसूनही हा प्रयोग करावा. भुरभुरीच्या दिवशी गोळ्या मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक येतील, वळवाच्या सरीत वाटाण्याच्या जवळ जातील.

पावसाचा थेंब साधारण पाच-सहा मिलिमीटरहून मोठा राहत नाही, तो हवेतच फुटतो. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने पडतो, चार मिलिमीटरचा सुमारे नऊ मीटर वेगाने. मोठ्या थेंबाचे वजन चौसष्ट पट आणि वेग दुपटीहून जास्त. म्हणून त्याचा मार तीनशे पट होतो. पन्नास मिलिमीटरची एक जोरदार सर एका एकरावर एकंदर जेवढा मार देते, तेवढ्या शक्तीने एक टन वजन सुमारे पाचशे मीटर उंच उचलता येईल.

हा मार उघड्या मातीवर बसला की ढेकळे फुटतात आणि मातीचे कण कारंज्यासारखे उडतात. अमेरिकेतील एलिसन यांनी १९४० च्या दशकात हे बारकाईने मोजले. सपाट जागी कण चारी बाजूंना सारखे उडतात. पण उतारावर वरच्या बाजूला कमी आणि खालच्या बाजूला जास्त पडतात. शंभर फुटांत दहा फूट उतार असेल तर उडालेल्या मातीतील सुमारे तीन-चतुर्थांश माती खाली सरकते. म्हणजे पाणी वाहू लागण्याआधीच माती चालू लागते. शिवाय उडालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात, वर पापडी धरते आणि पुढचे पाणी मुरेनासे होते. गढूळ पाण्याचा लोट सुरू होतो तो या पापडीमुळे.

६. मच्छरदाणीचा प्रयोग

दोष थेंबाचा की वाहत्या पाण्याचा, हे ठरवण्यासाठी आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेमध्ये, नॉर्मन हडसन यांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एकाच उताराचे, एकाच मातीचे दोन वाफे घेतले. दोन्हींत पीक नाही, तण नाही. एक वाफा उघडा ठेवला. दुसऱ्यावर जमिनीपासून थोड्या उंचीवर मच्छरदाणीची बारीक जाळी ताणून बसवली. पाऊस जाळीतून आत जातोच. पाण्याचे प्रमाण कमी होत नाही. फक्त मोठा थेंब जाळीवर फुटतो आणि तुषार होऊन हळू खाली उतरतो.

वर्षानुवर्षे दोन्ही वाफ्यांतून वाहून आलेली माती मोजली. उघड्या वाफ्यातून जाळीखालच्या वाफ्याच्या शंभर पटींहून अधिक माती गेली! खत नाही, बांध नाही, केवळ थेंबाचा मार अडवला म्हणून हा फरक पडला. आपल्या शेतावर मच्छरदाणी बांधणे शक्य नाही. पण पेंढा, पालापाचोळा, भुईमुगाचे दाट वेल, मिरवेलीखालचा पाला ही सारी देवाने दिलेली मच्छरदाणीच आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. उंच झाड म्हणजे आपोआप रक्षण, असे समजू नये. पानांवरून गळणारा थेंब मोठा असतो, आणि आठ-दहा मीटर उंचीवरून पडला तर तो पुन्हा पूर्ण वेग घेतो. म्हणून उंच झाडांखालची जागा झाडून स्वच्छ केली किंवा पाला जाळला, तर तेथील माती जास्तच झिजते. रक्षण करतो तो जमिनीलगतचा पाला आणि गवत.

७. शास्त्रज्ञांचा नकली पाऊस

खऱ्या पावसाची वाट पाहत बसले तर एका प्रयोगाला दहा वर्षे लागतात. म्हणून शास्त्रज्ञ हवा तेव्हा, हवा तेवढा पाऊस यंत्राने पाडतात. ढगांवर रसायन फवारून पाऊस पाडण्याचा जो प्रयत्न होतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. येथे नळ्या आणि तोट्या वापरून प्रयोगाच्या वाफ्यावर पाणी शिंपडतात. १९५८ साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मायर व मॅक्यून यांनी असे मोठे यंत्र बनवले. जपानमध्ये त्सुकुबा येथे १९७४ साली तर एक प्रचंड शेडच उभारली. तिच्यात १६ मीटर उंचीवरून पाऊस पाडतात आणि दरड कशी कोसळते ते तपासतात. एवढी उंची कशासाठी, हे आता आपल्या ध्यानात आले असेल: थेंबाला खरा वेग मिळावा म्हणून.

अशा यंत्रांवरून आणि हजारो वाफ्यांच्या नोंदींवरून विशमायर व स्मिथ यांनी माती किती वाहील याचे एक गणित मांडले. त्यात सहा गोष्टी येतात: पावसाचा मार, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती. यातील पहिली गोष्ट आपल्या हाती नाही. दुसरी आणि चौथी सहसा बदलत नाही. पण उताराची लांबी बांध घालून तोडता येते, आणि शेवटच्या दोन तर पूर्णपणे आपल्याच हाती आहेत. पावसाचा मार ठरवताना ते एकूण पावसाबरोबर सर्वांत जोराच्या अर्ध्या तासाचा पाऊसही धरतात. म्हणून आपणही जोराची सर आली की अर्ध्या अर्ध्या तासाने बाटली पाहून वेगळी नोंद करावी. दिवसभरात संथ पडलेले ५० मि.मी. आणि तासाभरात कोसळलेले ५० मि.मी. यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

८. आपल्या अंगणातील प्रयोग

हा प्रयोग युवक मंडळाने किंवा शाळेतील मुलांनी अवश्य करावा.

दोन सारख्या पेट्या किंवा पत्र्याचे ट्रे घ्या, प्रत्येक ५० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद. एका टोकाला कडा कापून पाणी बाहेर पडण्यास पन्हळ करा. दोन्हींत एकाच शेतातील माती सारखी दाबून भरा. वरचे टोक विटेवर ठेवून दोन्हींना सारखाच उतार द्या. एका पेटीतील माती उघडी ठेवा, दुसरीवर भाताचा पेंढा माती दिसणार नाही असा पसरा. पन्हळीखाली काचेची बरणी ठेवा.

पेटीचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आहे. म्हणून ५ लिटर पाणी म्हणजे २५ मि.मी. पाऊस. ते पंधरा मिनिटांत ओतले तर तासाला १०० मि.मी. ची सर झाली. बारीक छिद्रांची झारी घेऊन, स्टुलावर उभे राहून, जमेल तेवढ्या उंचीवरून दोन्ही पेट्यांवर सारख्याच वेळात पाणी शिंपडा. मग तीन गोष्टी लिहा: पाणी किती मिनिटांनी वाहू लागले, बरणीत किती लिटर आले, आणि बरणी रात्रभर स्थिर ठेवल्यावर तळाशी गाळ किती बसला. तिसरी पेटी करून तीत गवताचे रुजलेले कातळे बसवले तर आणखी चांगले.

झारीचा थेंब दोन-अडीच मीटरवरून पडतो, म्हणून त्याला खऱ्या वळवाचा पूर्ण वेग येत नाही. बरणीत जेवढी माती दिसेल, त्याहून खऱ्या सरीत जास्त जाते, हे मुलांना समजावून सांगा.

९. आपल्या शेतासाठी धडा

१९८३ साली ध्रुव नारायण व राम बाबू यांनी आपल्या देशाचा अंदाज काढला. दर हेक्टरी दर वर्षी सरासरी १६.४ टन माती जागची हलते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. हिशेब केला तर तो वर्षाला सव्वा मिलिमीटर जाडीचा थर होतो. म्हणजे वीस वर्षांत एक इंच! बापाकडून मुलाकडे सातबारा जातो तेव्हा गुंठे तेवढेच असतात, पण शेत इंचभर पातळ झालेले असते, आणि तो वरचा इंचच सर्वांत कसदार असतो. एक इंच माती बनायला शेकडो वर्षे लागतात. उतारावरच्या उघड्या शेतात ही झीज सरासरीहून पुष्कळ जास्त असते. आपल्या खानापूरकडची माती मलप्रभेतून नविलुतीर्थाच्या धरणात जाऊन बसते, दुसऱ्या अंगाची म्हादईबरोबर गोव्याकडे उतरते. ती परत कोणी आणून देत नाही.

सोलापूर आणि विजापूर येथे १९३० च्या दशकापासून कोरडवाहू शेतीवर, आणि बळ्ळारी येथे १९५४ पासून मृदसंधारणावर संशोधन होत आले आहे. त्यातून आणि वरच्या प्रयोगांतून आपल्यासाठी एवढे निघते:

(अ) नांगरट, पेरणी आणि रताळ्या-बटाट्याच्या सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात. उताराच्या दिशेने काढलेली प्रत्येक सरी म्हणजे मातीला दिलेली वाट होय.

(आ) पेरणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे धोक्याचे असतात, कारण पीक लहान असते आणि माती उघडी. त्या काळात दोन ओळींत पेंढा, सुका पाला, उसाचे पाचट जे मिळेल ते पसरावे.

(इ) बांधावर वाळ्याचे गवत लावावे. म्हैसूरकडे गुंडलुपेट भागातील शेतकरी फार पूर्वीपासून हद्दीवर वाळा लावत आले आहेत. त्याची मुळे खोल जातात, दाट बुंधे पाणी गाळतात आणि माती मागे राहते.

(ई) राबासाठी पाला गोळा करताना तीव्र उतारावरचा पाला तरी राखावा.

(उ) शिंतोड्यांबरोबर रोगही उडतो. भुईमुगाचा टिक्का आणि सुपारीचा कोळेरोग पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात. आच्छादनाने शिंतोडे कमी होतात. सुपारीला पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

१०. पाऊस आणि आरोग्य

पावसाची वही घरातील आरोग्यालाही उपयोगी पडते. मोठी सर झाली की अंगणातील घाण विहिरीत उतरते. म्हणून वहीत मोठा आकडा लिहिला की त्याच दिवसापासून पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. पाणी निवळल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर घालावी. प्रमाण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते, म्हणून ७० ग्रॅम पावडर पुरे. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि निदान एक तास पाणी वापरू नये. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी होते, म्हणून आरोग्यसेवकाला विचारून ताजी आणावी.

भातलावणीच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो या तापाचा धोका असतो. उंदीर आणि जनावरांच्या मुत्रातील जंतू पाण्यात मिसळतात आणि पायांच्या जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतात. मुंबईत २००५ च्या पुरानंतर याची मोठी साथ आली होती. जखम झाकून, शक्य तर गमबूट घालून चिखलात उतरावे. काम संपताच साबणाने पाय धुवावेत. एकदम जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि ‘मी चिखलात काम केले आहे’ असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा ताप बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत जाते.

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टायर, करवंट्या, कुंड्या, पिंपे कोरडी करावीत. आपला पर्जन्यमापकही रोज रिकामा करावा, नाही तर पाऊस मोजता मोजता डास पाळल्यासारखे होईल!

अभ्यासासाठी

पुढील प्रश्नांवर घरात किंवा मंडळात चर्चा करावी.

१. आपल्या शेतात ३० मि.मी. पाऊस झाला आणि शेत दोन एकर आहे. एकंदर किती लिटर पाणी पडले?

२. मच्छरदाणीखालच्या वाफ्यात पाऊस तेवढाच पडूनही माती का वाहिली नाही?

३. आपल्या शेताच्या कोणत्या भागात जून-जुलैमध्ये माती उघडी असते? तेथे काय पसरता येईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोन लाख ४३ हजार लिटर. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने शेतात जाऊन, शक्य तर भर पावसात घोंगडी पांघरून, शोधावे. रोहिणी सुरू होण्याआधी डबा, पट्टी आणि वही तयार ठेवा. एका वाडीत दोन-तीन घरांनी जरी नोंद ठेवली आणि महिन्याच्या अखेरीस ताडून पाहिली, तरी आपला पाऊस कोठे जास्त, कोठे कमी, हे पहिल्याच वर्षी कळू लागेल.